मंगळवारी बँक हैदराबादहून चालली

२४ सप्टेंबर २०२४, मंगळवार. त्या दिवशी आमच्या नागरी सहकारी बँकेच्या सतराही शाखा सकाळच्या डे-बिगिनपासून (संगणकावर दिवस सुरू करणं) रात्रीच्या डे-एंडपर्यंत (दिवस बंद करणं) सांगलीतल्या सर्व्हरवर नाही, तर हैदराबादच्या डीआर साइटवर, म्हणजे मूळ जागा बंद पडली तर काम चालवायच्या पर्यायी जागेवर, चालल्या. बहुतेक खातेदारांना काही जाणवलं नाही. जाणवू नये म्हणूनच सगळा खटाटोप होता. पण त्या एका दिवसामागे आमचं दीड वर्ष गेलं.

ही जबाबदारी माझ्याकडे आली तेव्हा मी खूप शोधलं. आपल्याएवढ्याच बँकेतल्या कुणी हे कसं केलं, कुठे अडलं, पैसे किती लागले, हे कुठेतरी वाचायला मिळेल असं वाटलं होतं. मोठ्या बँकांची सादरीकरणं मिळाली, पण त्यात काय चुकलं ते कुणी लिहीत नाही. म्हणून मी चुकांसकट लिहिते आहे. बँकेचं आणि पुरवठादारांचं नाव मुद्दाम देत नाही.

मी २००४ मध्ये लेखनिक म्हणून लागले. तेव्हा प्रत्येक शाखेत वेगळा सर्व्हर असायचा आणि संध्याकाळी बॅकअपची सीडी शाखाधिकारी घरी न्यायचे. पुढे ईडीपी म्हणजे संगणक विभागात आले, कोअर बँकिंग (सगळ्या शाखा एकाच मध्यवर्ती सर्व्हरवर) आलं, एटीएम आले, यूपीआय आलं. २०२२ मध्ये मी सीआयएसएम ही माहिती सुरक्षा व्यवस्थापनाची परीक्षा दिली. १५० प्रश्न, चार तास, ८०० पैकी ४५० गुणांना उत्तीर्ण. अभ्यासाला सात महिने गेले, रोज पहाटेचे दीड तास. त्या परीक्षेने मला शब्द दिले आणि विचार करायची पद्धत दिली. मार्च २०२३ मध्ये बँकेने मला माहिती सुरक्षा अधिकारी म्हणून नेमणुकीचं पत्र दिलं. एका पानाचं पत्र, त्यात अकरा जबाबदाऱ्या. अधिकारांबद्दल एक ओळही नव्हती, आणि पुढे तोच सगळ्यात कळीचा मुद्दा ठरला.

त्याआधी २०१९ सांगायला हवं, नाहीतर मी या विषयाच्या इतकी मागे का लागले ते कळणार नाही.

आमचं मुख्य कार्यालय जुन्या सांगलीत आहे. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. सर्व्हर रूम पहिल्या मजल्यावर होती, तिथे पाणी शिरलं नाही. पण जनरेटर आणि विजेचा मुख्य पॅनल तळमजल्यावर होते. यूपीएसच्या बॅटऱ्या साडेतीन तास चालल्या आणि सगळे सर्व्हर कोरडे असतानाच बंद पडले. आमची तेव्हाची डीआर साइट कोल्हापुरात होती. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, ती नदी त्या आठवड्यात ५५ फुटांवर होती. पुणे-बेंगळुरू महामार्ग कोल्हापूरजवळ बंद झाला होता. मूळ जागा आणि पर्यायी जागा एकाच पावसाने एकाच वेळी गेल्या. नऊ दिवस आमचं कोअर बँकिंग बंद होतं. विश्रामबागेच्या शाखेत पाणी नव्हतं, दार उघडं होतं, तिजोरीत रोकड होती आणि काउंटरपुढे चिखलाच्या पायांनी आलेली माणसं उभी होती. त्यांच्या खात्यात किती पैसे आहेत हे आम्हाला दिसत नव्हतं. शाखाधिकाऱ्यांनी पासबुकातली शेवटची नोंद बघून, स्वतःच्या जबाबदारीवर, प्रत्येकी दोन हजार रुपये दिले. एक बाई माझ्यासमोर म्हणाल्या, ‘ताई, पैसे माझेच हायत ना?’ ते वाक्य माझ्या कानातून गेलेलं नाही.

पुरानंतर डीआर साइट हैदराबादला हलली. तिथे कृष्णा-पंचगंगेचा पूर पोहोचत नाही आणि भूकंपाच्या दृष्टीनेही तो भाग सगळ्यात कमी धोक्याच्या झोन २ मध्ये येतो. भाड्याची रॅक, वर्षाला साडेअकरा लाख रुपये. दर वर्षी तिथून काम चालवायची रंगीत तालीम, म्हणजे ड्रिल, झाल्याचं ‘डीआर ड्रिल यशस्वी’ असं प्रमाणपत्र फाइलला लागायचं. ते पुरवठादार लिहून द्यायचा. मी नेमणुकीनंतर पहिल्याच आठवड्यात त्याला विचारलं, ड्रिलमध्ये नेमकं काय करता? उत्तर आलं की तिथला सर्व्हर चालू करून लॉगिन स्क्रीन येते का ते पाहतो. एकही व्यवहार कधी केलेला नव्हता.

एप्रिल २०२३ मध्ये मी मुख्य कार्यकारी अधिकारी (आमचे साहेब), सरव्यवस्थापक, आयटी, लेखा आणि कर्ज विभागाचे प्रमुख यांना दोन तास मागितले. संगणक नाही, प्रोजेक्टर नाही. एक प्रश्न मांडला : रात्री दोन वाजता सर्व्हर रूममधून धूर येतोय असा वॉचमनचा फोन आला. हैदराबादला जायचं, असं कोण सांगणार? तीन जणांनी तीन उत्तरं दिली. एक म्हणाले साहेब, साहेब म्हणाले अध्यक्ष, आयटीप्रमुख म्हणाले पुरवठादार सांगेल तसं. मग मी विचारलं, साहेबांचा फोन लागला नाही तर? खोलीत शांतता झाली. २०१९ मध्येही असंच झालं होतं. जनरेटर बुडण्याआधी आमच्या हातात चार तास होते आणि ते चार तास ‘कोण सांगणार’ यातच गेले होते. हे मोठ्याने कुणी बोललं नव्हतं. त्या दिवशी आमच्या साहेबांनी स्वतः बोलून दाखवलं. मला त्यांचा फार आदर वाटला.

त्यातून ठरावाचा मसुदा झाला. आपत्ती जाहीर करण्याचा अधिकार मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना. पंधरा मिनिटांत संपर्क झाला नाही तर सरव्यवस्थापकांना. त्यांच्याशीही झाला नाही तर माहिती सुरक्षा अधिकाऱ्याला. संचालक मंडळाला नंतर कळवायचं, आधी विचारायचं नाही. हा ठराव मंजूर व्हायला तीन सभा आणि चार महिने लागले. पहिल्या सभेत तो विषयपत्रिकेत शेवटून दुसरा होता, वेळ संपली. दुसऱ्या सभेत एका संचालकांनी योग्य शंका काढली : निर्णय चुकला, उगाच स्विच केलं आणि नुकसान झालं तर? मग मी एक वाक्य घातलं, की सद्हेतूने आणि उपलब्ध माहितीवर घेतलेल्या अशा निर्णयाबद्दल संबंधित अधिकाऱ्यावर वैयक्तिक जबाबदारी राहणार नाही. ऑगस्ट २०२३ च्या सभेत ठराव झाला. तुम्ही हे काम हाती घेणार असाल तर आधी हा ठराव करून घ्या, तेही त्या संरक्षणाच्या वाक्यासह. नोकरी जाईल अशी भीती असलेला माणूस रात्री दोन वाजता निर्णय घेत नाही, तो फोन लावत बसतो.

एक छोटी गोष्ट. संचालकांसाठीच्या टिपणीत मी ‘आरटीओ’ आणि ‘आरपीओ’ लिहिलं होतं. आपल्याकडे आरटीओ म्हटलं की गाडीचं पासिंग आठवतं. दुसऱ्या मसुद्यात मी साधं लिहिलं : ‘बँक किती वेळात पुन्हा उभी राहिली पाहिजे’ आणि ‘किती वेळाच्या नोंदी पुन्हा हाताने भराव्या लागल्या तर चालेल’. त्यानंतर संचालकांनी खरे प्रश्न विचारले. कोअर बँकिंगसाठी चार तास आणि पंधरा मिनिटं, असे आकडे त्यांनीच चर्चा करून ठरवले.

सप्टेंबर ते नोव्हेंबर मी शाखा फिरले. सतरापैकी चौदा शाखांत पूर्ण दिवस बसले. पुस्तकात याला व्यवसाय-परिणाम विश्लेषण म्हणतात. मी फक्त विचारत होते की आत्ता सिस्टिम गेली तर सगळ्यात आधी काय अडेल? मुख्य कार्यालयात बसून मी लिहिलेली यादी आणि शाखांतून आलेली यादी यांत जमीन-अस्मानाचा फरक होता. माझ्या यादीत वर आरटीजीएस (मोठ्या रकमा दुसऱ्या बँकेत लगेच पाठवायची सोय) होतं. मिरजेच्या शाखेत सांगितलं, एक तारखेला पेन्शनवाले. हळदीच्या आणि बेदाण्याच्या व्यापाऱ्यांच्या शाखेत सांगितलं, सौदे असतात त्या दिवशी दुपारी दोन ते चार; शेतकऱ्याला शब्द दिलेला असतो, पैसे त्याच दिवशी गेले पाहिजेत. एका शाखेतल्या कॅशिअर काकांनी सांगितलं, ‘मॅडम, बाकी काय बी बंद पडू दे, सही दिसली पायजे. सही दिसंना झाली की मी पैसे कशावर देऊ?’ मी वहीत लिहून घेतलं. तेव्हा त्याचं महत्त्व मला पुरतं कळलं नव्हतं.

७ नोव्हेंबर २०२३ ला रिझर्व्ह बँकेने आयटी गव्हर्नन्सबद्दलचे सविस्तर निर्देश काढले, १ एप्रिल २०२४ पासून अंमलात येणारे. ते आमच्यासारख्या बँकांसाठी नव्हते. आम्हा नागरी सहकारी बँकांना २०१८ आणि २०१९ ची सायबर सुरक्षेची वेगळी परिपत्रकं आहेत, त्यातल्या चार पातळ्यांपैकी आम्ही दुसऱ्या पातळीवर येतो. तरी मी ते निर्देश दोनदा वाचले. त्यात महत्त्वाच्या यंत्रणांसाठी निदान सहामाही ड्रिल सांगितली आहे, आणि ड्रिल म्हणजे पर्यायी जागेवरून किमान एक पूर्ण कामाचा दिवस, दिवस सुरू करण्यापासून बंद करण्यापर्यंत, प्रत्यक्ष कामकाज चालवणं असं स्पष्ट म्हटलं आहे. मला हवं होतं ते वाक्य मिळालं. आम्हाला लागू नसलं तरी चांगलं काय ते त्यात लिहिलेलं होतं. मी साहेबांना विनंती केली, आपणही हेच करू.

पहिली ड्रिल रविवारी, २५ फेब्रुवारी २०२४ ला ठेवली. रविवार असला तरी बँक पूर्ण बंद नसते हे लक्षात ठेवा. एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस डिसेंबर २०२० पासून चोवीस तास, बाराही महिने चालतात, यूपीआय तर आहेच. त्यामुळे आधी खातेदारांना एसएमएस, शाखांत फलक, आणि आमचे यूपीआय-एटीएम ज्या सेवा पुरवठादारामार्फत चालतात त्याला सात कामाचे दिवस आधी मेल, एवढं करावंच लागलं. त्या मेलला उत्तर यायला नऊ दिवस लागले. पुढच्या वेळी मी तीन आठवडे आधी पाठवला.

ती ड्रिल फसली.

आधी पासवर्डचं पाकीट. हैदराबादच्या सर्व्हरचे पासवर्ड सीलबंद पाकिटात, तिजोरीत, दोघांच्या सह्यांनी ठेवलेले. पाकीट फोडलं, पासवर्ड चालेना. डिसेंबरमध्ये नियमाप्रमाणे पासवर्ड बदलले होते, पाकीट बदललं नव्हतं. पुरवठादाराच्या माणसाला घरून उठवलं, त्यात पन्नास मिनिटं गेली. मग डेटाबेस उघडला आणि माझ्या हातापायातलं बळच गेलं. शेवटची तारीख १४ फेब्रुवारी. आमच्याकडून दर पंधरा मिनिटांनी लॉग फायली (झालेल्या बदलांच्या नोंदी) हैदराबादला जातात आणि तिथे क्रमाने लागू होतात. १४ तारखेची एक फाइल अर्धवट पोहोचली होती, त्यामुळे पुढच्या सगळ्या फायली रांगेत थांबल्या होत्या. अकरा दिवस. इशाऱ्याचा मेल रोज जात होता, नोकरी सोडून गेलेल्या एका सहकाऱ्याच्या बंद खात्यावर.

फायली हाताने पाठवून दुपारी दीडला डेटा जुळला. मग सहा शाखांच्या राउटरमध्ये हैदराबादचा मार्गच घातलेला नव्हता. पासबुक छापायच्या प्रोग्राममध्ये सर्व्हरचं नाव न देता थेट सांगलीचा आयपी, म्हणजे सर्व्हरचा जाळ्यावरचा पत्ता, लिहिलेला होता. एसएमएस पाठवणाऱ्या कंपनीकडे हैदराबादचा आयपी नोंदवलेला नव्हता. आणि चाचणीसाठी मुद्दाम बोलावलेल्या त्या कॅशिअर काकांनी फोन केला, ‘मॅडम, सही दिसंना.’ सह्यांचे नमुने डेटाबेसमध्ये नव्हतेच. ते २०११ पासून वेगळ्या स्टोरेजवर होते आणि ते स्टोरेज हैदराबादला कधी गेलंच नव्हतं. चार-साडेचार वर्षं आमच्याकडे अशी डीआर साइट होती, जिथून एकही चेक वटला नसता.

संध्याकाळी साडेसहाला मी ड्रिल थांबवली. घरी जाऊन खूप रडले. दुसऱ्या दिवशी अहवाल लिहायला बसले तेव्हा पुरवठादाराने नेहमीचं ‘यशस्वी, किरकोळ त्रुटींसह’ असं प्रमाणपत्र पाठवलेलं होतं. मी ते परत केलं आणि मंडळाला ‘ड्रिल अयशस्वी, तेवीस त्रुटी’ असा अहवाल दिला. साहेबांना विचारूनच दिला. ते एवढंच म्हणाले, ‘पुरात कळण्यापेक्षा आत्ता कळलं ते बरं. पण तारखा टाकून द्या.’ तेवीस त्रुटी, प्रत्येकीपुढे माणसाचं नाव आणि तारीख. तो तक्ता साडेतीन महिने माझ्या टेबलाच्या काचेखाली होता.

खर्च सांगते, कारण अंदाजपत्रक करताना हेच कुणी सांगत नाही. सह्यांच्या नमुन्यांसाठी हैदराबादला स्टोरेज, ३ लाख १० हजार. दोन्ही ठिकाणांमधली दुसऱ्या कंपनीची लाइन, वर्षाला २ लाख ४० हजार. शाखांसाठी पर्यायी फोर-जी राउटर, सतरा मिळून दीड लाखाच्या वर. पुरवठादाराचे अभियंते प्रत्येक ड्रिलला ६५ हजार अधिक जीएसटी. हे शेवटचे पैसे वाचवता येतात. देखभाल कराराचं नूतनीकरण करताना वर्षाला दोन ड्रिल त्यातच लिहून घ्या, आणि ‘व्यवहारांसह’ हा शब्द विसरू नका. आम्ही तो पुढच्या करारात घातला.

याच काळात मला एक गोष्ट उशिरा उमगली. पूर आणि रॅन्समवेअर (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा हल्ला) यांचे नियम उलटे आहेत. पुरात जितक्या लवकर हैदराबादला जाल तितकं बरं. पण कुणी घुसून फायली कुलूपबंद केल्या असतील, तर ती बिघडलेली माहितीही पंधरा मिनिटांनी हैदराबादला पोहोचते. तिथे आधी दोन ठिकाणांमधला दुवा तोडायचा, आणि मग जाळ्याशी न जोडलेल्या बॅकअपकडे वळायचं. आम्ही आठवड्याचा पूर्ण बॅकअप डिस्कवर घेऊन मिरजेच्या शाखेच्या स्ट्राँगरूममध्ये ठेवतो. तो परत उभा करून कधी पाहिला होता का? नव्हता. एप्रिलमध्ये पाहिला. कागदावर चार तास लिहिले होते, लागले नऊ तास चाळीस मिनिटं. आता आमच्या आराखड्यात दोन वेगळी पानं आहेत, दोन रंगांची. निळं पान जागा गेली तर, लाल पान घुसखोरी झाली तर. लाल पानावर पहिली ओळ आहे : ‘स्विच करू नका. दुवा तोडा.’ त्याखाली कळवायच्या जागा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत त्यांना कळवावं लागतं, शिवाय रिझर्व्ह बँक आणि पैसे गेले असतील तर १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. मेलचा मजकूर रिकाम्या जागांसह आधीच लिहून, छापून ठेवला आहे, कारण त्या दिवशी मेलच उघडणार नाही असं धरून चालायला हवं.

त्याच आदेशात सगळ्या यंत्रणांची घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेशी जुळवायला सांगितलं आहे. मला ते किरकोळ कलम वाटायचं. आमच्या हैदराबादच्या एका सर्व्हरचं घड्याळ सात मिनिटं मागे निघालं, आणि ड्रिलनंतर कुठली नोंद आधीची, कुठली नंतरची हे लावण्यात आमचे दोन दिवस गेले.

दुसरी ड्रिल ८ जूनला, दुसरा शनिवार. तीन शाखा, निवडक व्यवहार. सही दिसली. पासबुक छापलं. एसएमएस आला. त्रुटी नऊ, सगळ्या लहान. त्या रात्री मी फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा शांत झोपले.

मंडळाला आता कामाच्या दिवशी ड्रिल करायची परवानगी मागायची होती, आणि तिथे अडलं. ‘चालू बँक मुद्दाम कशाला हलवायची?’ हा प्रश्न चुकीचा नव्हता. ठेवीदारांच्या पैशांना जपणारा माणूस हेच विचारणार. मग जुलै उजाडला. १९ जुलैला एका सुरक्षा सॉफ्टवेअरच्या सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले, आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात पंचगंगेने पुन्हा धोक्याची पातळी ओलांडली आणि सांगलीत सगळे आयर्विनच्या आकड्याकडे डोळे लावून बसले. ३१ जुलैला लहान बँकांना सेवा देणाऱ्या एका तंत्रज्ञान कंपनीवर रॅन्समवेअर हल्ला झाल्याने यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने तिला आपल्या जाळ्यातून वेगळं केलं. देशभरातल्या सुमारे ३०० लहान बँकांच्या यूपीआय आणि एटीएम सेवा दुसऱ्या दिवसापर्यंत अडल्या. आमचा पुरवठादार वेगळा होता. पण ऑगस्टच्या सभेत मला फार बोलावं लागलं नाही. अध्यक्षांनीच विचारलं, ‘तारीख कुठली धरताय?’

मी २४ सप्टेंबर सुचवली. एक तारीख नाही, सहामाही ताळेबंदाला अजून आठवडा, गणपती होऊन गेलेले, दसरा लांब. पितृपक्ष होता. एका ज्येष्ठ संचालकांनी पितृपक्षात नवं काही नको असं सुचवलं. दुसरे म्हणाले, त्या पंधरवड्यात कुणी नवं खातं उघडत नाही, सोनं घेत नाही, घराचा विसार देत नाही. वर्षातले सगळ्यात कमी व्यवहार असतात. मी आकडे काढले आणि ते खरं निघालं. तारीख कायम झाली.

२३ तारखेला सोमवारी रात्री ९.४० ला डे-एंड झालं. १०.०५ ला साहेबांनी, ठरावाप्रमाणे, ठरलेलं वाक्य फोनवर उच्चारलं आणि मी वहीत वेळ लिहिली. सांगलीचा डेटाबेस बंद, हैदराबादचा चालू. मग आयुष्यात सर्वात लांब वाटलेला दीड तास. दोन्हीकडचे ट्रायल बॅलन्स (सगळ्या शिलकांचे तक्ते) शेजारी ठेवून लेखा विभागाच्या दोघी जणी ओळ न ओळ ताडत होत्या. एकूण ठेवी, एकूण कर्जं, सतरा शाखांची हातातली रोकड. ११.५० ला त्यातली एक म्हणाली, ‘मॅडम, पैशाचा फरक नाही.’ कागदोपत्री आम्हाला चार तास होते, एक तास पंचेचाळीस मिनिटांत झालं.

सकाळी ७.४५ ला डे-बिगिन. मी मुद्दाम मुख्य कार्यालयात थांबले नाही, विश्रामबागेच्या शाखेत गेले, २०१९ मध्ये जिथे उभी होते तिथे. १०.०६ ला पहिला चेक आला. कॅशिअरने सही उघडली, वळून माझ्याकडे पाहिलं, आणि पैसे मोजायला लागले. मला बोलता येईना.

दिवस अगदी सुरळीत गेला असं नाही. साडेअकराला एसएमएस चाळीस मिनिटं उशिरा जायला लागले आणि शाखांत फोन सुरू झाले. एका शाखेची लाइन तुटली, ती फोर-जीवर गेली, त्यांचं काम हळू झालं. चेक क्लिअरिंगच्या फाइलचा मार्ग चुकीच्या फोल्डरकडे होता. क्लिअरिंगच्या वेळेआधी वीस मिनिटं सापडला. सौदेवाल्या शाखेचे दुपारचे आरटीजीएस सगळे गेले. मी दर तासाला एक ओळ सगळ्या शाखाधिकाऱ्यांना पाठवत होते, काही नवीन नसलं तरी ‘सर्व ठीक, पुढची सूचना एक वाजता’ एवढंच. नंतर तीन जणांनी सांगितलं की त्या ओळीमुळे धीर होता. हे मी कुठल्याही पुस्तकात वाचलं नव्हतं.

परत येणं हा अर्धा भाग लोक विसरतात, आणि तोच अवघड असतो. हैदराबादवर दिवसभर झालेले व्यवहार उलट दिशेने सांगलीला आणायचे, पुन्हा ताळे घ्यायचे, मगच सांगली चालू करायची. माणसं तोवर चोवीस तास जागी असतात आणि चुका याच वेळी होतात. म्हणून आम्ही परतीसाठी वेगळी तुकडी ठेवली होती, दिवसा घरी झोपलेली. जेवण ऑफिसातच, बायकांना घरी सोडायला गाडी, दोन्हीची मंजुरी आधीच घेतलेली. रात्री २.५० ला सांगली उभी राहिली. बुधवारी सकाळी मी साडेनऊला परत हजर होते, पण साहेबांनी घरी पाठवलं.

त्रुटी सात निघाल्या, सगळ्या नाव-तारखेसह काचेखाली. पासवर्डची नवी पाकिटं केली. पासवर्ड बदलला की पाकीट बदललं का, हे आता अंतर्गत लेखापरीक्षक दर तिमाहीला तपासतात. इशाऱ्यांचे मेल एका माणसाला न जाता पाच जणांच्या गटाला जातात आणि रोज सकाळी कुणीतरी ‘पाहिलं’ असं उत्तर द्यायचं असतं.

गेल्या आठवड्यात त्या कॅशिअर काकांचा फोन आला. सही दिसली, समाधान झालं, पण पिग्मी एजंटांची मशिन त्या दिवशी सांगलीशीच जोडलेली होती, संध्याकाळचा भरणा आम्ही हाताने लिहिला, ते तुमच्या यादीत नाही, म्हणाले. नव्हतंच. आठवा क्रमांक म्हणून लिहून घेतलं, पुढे माझं नाव आणि ३१ जानेवारी ही तारीख टाकली.